सायकलस्वाराचा गुडघा

१९८४ सालीं फ्रान्समधील लुक कंपनीनें बुटास जखडून ठेवणारें पेडल बाजारांत आणलें. पुढच्याच वर्षीं बर्नार्ड हिनो यांनीं त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. पाय निसटेनासा झाला, पण पंचाईत झाली ती गुडघ्याची! मिनिटास ९० फेरे धरले, तर तासांत तो ५,४०० वेळां वांकतो. बुटाखालची पट्टी किंचित् वांकडी बसली, कीं तितक्याच वेळां पिळलाही जातो. म्हणून लाल पट्टींत ९ अंश व करड्या पट्टींत ४.५ अंश हलण्यास मोकळीक ठेविलेली असते. काळींत मुळींच नाहीं. दुखणाऱ्यानें काळी सोडावी हेंच बरें. टांच स्वभावतः जशी वळते तशीच राहील, अशा बेतानें पट्टी थोडथोडी फिरवावी. गुडघा पुढून दुखल्यास बैठक बहुधा फार खालीं असते, मागून दुखल्यास फार वर. सूज दिसल्यास मात्र पान्हा ठेवून वैद्य गांठावा.