एकच पेटी, धातू तितके नखरे

महाळुंगे पडवळच्या पंचक्रोशीत वेल्डिंगच्या शेडसमोर एका सकाळी काय काय येऊन पडू शकतं? उसाच्या ट्रॉलीचा तुटलेला दांडा, झिजलेला नांगराचा फाळ, तडकलेला बिडाचा पंप, दूधवाल्याची स्टीलची किटली, फुटलेलं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन-कव्हर, शिवाय कुणाच्या तरी नव्या बंगल्याचं गेट. धातू चार, गिऱ्हाइकं सहा आणि प्रत्येकाला काम दुपारच्या आत हवं. पूर्वी अशा वेळी निम्म्या लोकांना एकच उत्तर मिळायचं: ‘हे आपल्याकडं नाय होत, पुण्याला न्या.’ आता शेडच्या कोपऱ्यात हातात उचलून नेता येईल अशी एक पेटी असते. तिच्यावर रॉडचं वेल्डिंग होतं, तारेचं मिग होतं आणि टंगस्टनचं टिगही होतं. नाव मल्टिप्रोसेस मशीन. पेटी हुशार आहे, वाद नाही. पण हुकूम तिचा चालत नाही, धातूचा चालतो. त्याच्याच या गमतीजमती.

तिघांची जन्मसालं वेगळी

पेटीवरच्या बटणांत बोटभर अंतर असतं, पण त्या तीन पद्धतींच्या जन्मात अर्धशतकाहून जास्त अंतर आहे. वितळून स्वतःच सांध्यात उतरणारी धातूची काडी रशियाच्या निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये वापरली. त्या काडीवर लेप चढवण्याची युक्ती स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांची, विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकातली. टिग आलं दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत. मॅग्नेशियम जोडताना ते पेट घ्यायचं, म्हणून रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनच्या टोकाभोवती हेलियम सोडला. मिग सगळ्यात धाकटं, १९४८ चं.

हेलियमचं नाव निघालं म्हणून सांगतो. या वायूची पहिली खूण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आपल्याच देशात, गुंटूरला, जानसेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला दिसली. विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो तो त्याच ग्रहणाच्या आठवणीत. आपल्याकडच्या शेडमध्ये मात्र हेलियम कुणी भरत नाही, परवडतच नाही. तिथं असतो आर्गॉन. तो हवेतूनच वेगळा काढतात, कारण हवेत तो जवळपास एक टक्का असतो. म्हणजे सिलिंडरच्या भाड्यासकट आपण श्वासातलीच हवा विकत घेतो.

आणि या तिघांच्याही आधीचा आजोबा? लोहाराचा भाता. बैलगाडीच्या चाकावर बसवायची लोखंडी धाव घ्या. पट्टीची दोन टोकं पांढरी होईस्तोवर तापवायची, वर वाळू किंवा टाकणखार भुरभुरायचा आणि घणाखाली एकजीव करायची. वाळू कशाला? तापल्या लोखंडावरची मळी पातळ होऊन वाहून जावी म्हणून. आजच्या रॉडवरचा लेप एक काम तेच करतो. दिल्लीचा लोहस्तंभही असाच लोखंडाचे गोळे ठोकून जोडून घडवलेला, तोही सोळाशे वर्षांपूर्वी.

क्विंटलभराचं धूड बॅगेत कसं मावलं

जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर हलवायला चार माणसं लागायची. नवी पेटी खांद्याला अडकवता येते. कारण फ्रीक्वेन्सी. आपल्या लाइनीतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. इन्व्हर्टर मशीन तीच वीज आधी सरळ करतं, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. हेलकावे जितके जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. तांब्याचं आणि पत्र्याचं वजन तिथंच गळून पडतं.

ही चालू-बंद करणारी कळ म्हणजे आयजीबीटी. तिच्यामागचं ठळक नाव बी. जयंत बालिगा, चेन्नईत जन्मलेले, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी ती घडवली. हे इथं मुद्दाम सांगतो, कारण महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांनी प्राण दिले. त्या गावात पेटीवरचा शिक्का कुठल्याही देशाचा असो, आतल्या कळीमागची बुद्धी मद्रासची आहे, एवढं सांगायला हरकत नाही.

अ‍ॅल्युमिनियम: सगळ्यात मोठा नखरेल

दुकानदार ज्याच्याबद्दल गोड बोलतो आणि गिऱ्हाईक ज्यात हमखास फसतं, तो हा धातू.

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पण त्याच्या अंगावर ऑक्साइडची एक अदृश्य कातडी असते आणि ती वितळते २,०७२ अंशांना. आत पाणी झालेलं, वर कवच तसंच. नवखा माणूस वाट बघत बसतो आणि एका क्षणी अख्खा तुकडा खाली गळून पडतो. लाल होऊन इशारा देण्याची पद्धतही या धातूला नाही.

ही कातडी फोडायला टिगमध्ये एसी करंट लागतो. एका अर्ध्या हेलकाव्यात कातडी साफ होते, दुसऱ्यात धातूत उष्णता उतरते. आता खरी गोम. बाजारातल्या बहुतेक स्वस्त मल्टिप्रोसेस पेट्यांमधलं टिग फक्त डीसी असतं. खोक्यावर ‘टिग’ छापलेलं असतं, चित्रात चकचकीत सांधा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम काही जुळत नाही. अशा मशीनवर ते करायचंच तर मिगने, शुद्ध आर्गॉनवर. त्यातही तार इतकी मऊ की तीन मीटरच्या पाइपातून ढकलताना आत गुंतून तिचा खोपा होतो. म्हणून स्पूल गन: तारेचं छोटं रीळ थेट हातातल्या पिस्तुलावरच बसवायचं.

स्टेनलेसचं दुखणं उलटं. तांबं उष्णता जितकी झटपट पळवतं, त्याच्या पंचविसाव्या हिश्श्यानंही स्टेनलेस पळवत नाही. उष्णता जागच्या जागी साचते आणि किटलीचा पत्रा वाकडा होतो. करंट कमी, हात जलद, आर्गॉन भरपूर. आणि सांध्याच्या मागच्या बाजूलाही गॅस दिला नाही, तर आतून काळी खडबडीत साखर जमते. दुधाच्या भांड्यात अशी जागा म्हणजे जंतूंना फुकटची खोली. स्टेनलेस लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९ नंबरची तार किंवा रॉड मागा. ३०८ स्टेनलेसला स्टेनलेस जोडण्यासाठी.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन ते चार टक्के, म्हणून ठिसूळ. गरम झालं की सांधा बसतो, थंड होताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि शेजारी नवी चीर. जुने कारागीर निकेलचा रॉड घेतात, बोटाच्या पेराएवढाच टाका मारतात, गरम आहे तोवर हातोडीनं हलके ठोकतात, मग निवायला सोडून चहाला जातात. तो चहा कामचुकारपणा नाही, ती पद्धतच आहे.

जीआय पाइप, म्हणजे शेडनेट आणि पॉलिहाउसचा सांगाडा. लोखंड वितळायला पंधराशे अंशांच्या आसपास लागतात, वरचं जस्त मात्र ९०७ अंशांना उकळून धूर होतं. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध पिऊन तो टळतो ही समजूत जगभरच्या वेल्डरांत आहे. टळत नाही. आधी जस्त घासून काढा आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहा.

रॉडवरचा नंबर आणि कोकणची वाळू

६०१३ हा काही मोबाइलचा पिन नाही. पहिले ६० म्हणजे सांध्याची ताकद, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड. नंतरचा १ म्हणजे उभं, आडवं, डोक्यावर, कसंही चालतं. शेवटचा आकडा लेप आणि करंटचा. ६०१३ च्या लेपातला मुख्य घटक रुटाइल, म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. टायटॅनियमचं खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं.

७०१८ हा ताकदीचा रॉड, पण पाण्याचा वैरी. लेपात ओल शिरली की तिच्यातला हायड्रोजन सांध्यात जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी चीर पडते. भीमाशंकरकडून पाऊस सरकायला लागला की उघडं पाकीट भट्टीत ठेवलेलंच बरं.

आता उलटा चमत्कार. साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या रोलरचे दात गुळगुळीत झाले की ऊस घसरतो. त्यांना खडबडीत करायला गाळप थांबवत नाहीत. रोलर फिरत असतो, अंगावरून रस गळत असतो आणि वेल्डर त्याच ओल्या रोलरवर खास रॉडनं ठिणग्यांचे खडे चिकटवत जातो. ओलं वेल्ड करू नये हा नियम पाळून थकलेल्या माणसानं हे एकदा बघावंच.

सोळा अँपिअरचा प्लग आणि दोनशे अँपिअरचं स्वप्न

जाहिरात म्हणते, ‘घरच्या प्लगवर २०० अँपिअर.’ गणित करून बघा. रॉडनं २०० अँपिअर ओढताना आर्कवर साधारण २८ व्होल्ट असतात. गुणाकार ५,६०० वॅट. साडेसात एचपीची मोटर तितकीच! घरातला १६ अँपिअरचा प्लग जास्तीत जास्त ३,७०० वॅटच्या आसपास देतो. शिवाय शेतीच्या लाइनीला थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच, आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज बसतंच. शंभर-सव्वाशे अँपिअरवर बारीक रॉडचं काम होतं. ट्रॉलीची जाड चॅसी तेवढ्यावर करू नये, वरवर चिकटेल आणि कारखान्याच्या वाटेवर सुटेल.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ३० टक्के म्हणजे दहा मिनिटांत तीन मिनिटं काम आणि सात मिनिटं आराम. चांगल्या कंपन्या हे ४० अंशांच्या उन्हाचा हिशोब धरून मोजतात, काही स्वस्तवाले २५ अंशांवर. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडला २५ अंश कुठून आणायचे?

पोलॅरिटीचंही तसंच. गॅसवाल्या मिगला पिस्तूल प्लसला. गॅसविना चालणाऱ्या, पोटात पावडर भरलेल्या तारेला मायनसला. टिगला मायनसला, नाहीतर टंगस्टनचं टोक वितळून गोळा होतं. मशीन बिघडल्यासारखं वाटतं, पण कित्येकदा फक्त दोन केबल उलट्या लावलेल्या असतात. आणि शेतात वारा असेल तर गॅसचं मिग विसरा. गॅस उडून जातो, सांध्याला जाळीसारखी भोकं पडतात. बांधावर रॉडच राजा.

ठिणगी इथं, कान खोडदला

ही गंमत जगात फार थोड्या वेल्डरांच्या वाट्याला येते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेसच्या तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, रेडिओलहरी मात्र परततात. जागा निवडताना इथली रेडिओ-शांतता हे मोठं कारण होतं, आणि आसपास उद्योग काढायचा तर दुर्बिणीला त्रास होणार नाही ना हे आधी पाहिलं जातं.

आणि वेल्डिंगचा आर्क म्हणजे रेडिओच्या भाषेत निव्वळ कालवा. त्यातही टिगचा हाय फ्रीक्वेन्सी स्टार्ट. टोक धातूला न टेकवता ठिणगी उडवणारी ती सोय आणि मार्कोनीचा ठिणगीचा ट्रान्समीटर एकाच कुळातले. शेजारच्या रेडिओवर खरखर येते ती त्यामुळं. लिफ्ट-आर्क, म्हणजे टोक हलकं टेकवून उचलायचं, हा पर्याय बऱ्याच मशीनमध्ये असतो. या पट्ट्यात तो वापरला तर कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या एखाद्या लहरीवर आपली खरखर तेवढी कमी बसेल.

आकाशाचा विषय निघालाच आहे तर, अंतराळातही वेल्डिंग झालंय. १९६९ मध्ये सोयूझ-६ यानात सोव्हिएत अंतराळवीर कुबासोव्ह यांनी पहिल्यांदा करून पाहिलं. १९८४ मध्ये स्वेतलाना साव्हित्स्काया यानाबाहेर पडल्या, अंतराळात चालणारी पहिली स्त्री म्हणून, आणि त्यांच्या हातात होतं वेल्डिंगचंच अवजार.

डोळा, धूर, टाकी

आर्कचा उजेड नुसता बघितला तरी काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या थंडावा देतात, इलाज करत नाहीत. डॉक्टरकडे जा. आपोआप काळ्या होणाऱ्या हेल्मेटची काच काळी व्हायला उशीर झाला तरी अतिनील किरण तिच्यातून जात नाहीत, कारण तो थर कायमचाच असतो. काही ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्यात क्लोरीनयुक्त द्रव असतो. त्यावर आर्क पडला की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तो वायू. आणि डिझेलचं रिकामं पिंप भरलेल्याहून घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ‘रिकामंय, मार टाका’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवा.

मशीन घ्यायला मंचरला जा, नारायणगावला जा नाहीतर पुण्याला, खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. चार प्रश्न विचारा: टिग एसी आहे की नुसतं डीसी? ड्यूटी सायकल किती अंशांना मोजलीय? स्पूल गन लागते का? माझ्या लाइनीवर खरोखर किती अँपिअर मिळतील? वर्षभरात शेडसमोर ऐंशी टक्के काम साध्या लोखंडाचंच येत असेल, तर चांगलं रॉडचं मशीन घ्या आणि उरलेल्या पैशात हेल्मेट.