दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं नाही

आमच्या घरी कपाटावर एक छोटी पेटी चोवीस तास चालू असते. तिला नॅस म्हणतात. राउटरला जोडलेली, घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपना वापरता येणारी साठवण. तिच्यात बहिणीच्या निकाहचा व्हिडिओ आहे, मुलांच्या मार्कशीट, शेताचा सातबारा आणि मरहूम अब्बांच्या आवाजातलं दीड तासाचं रेकॉर्डिंग. २ टीबीच्या दोन्ही डिस्क भरल्या, तेव्हा ४ टीबीच्या घ्यायचं ठरलं.

अशा पेटीतल्या दोन डिस्क बहुतेक वेळा मिरर, म्हणजे रेड-१ पद्धतीने लावलेल्या असतात. जे एकीवर तेच दुसरीवर. त्यामुळे बदलायच्या त्या एकेक करूनच. पहिली काढून नवी लावायची आणि तिच्यावर सगळा डेटा उतरू द्यायचा. याला रीबिल्ड म्हणतात. तो पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी २ टीबीला जवळपास पावणेचार तास जातात. शेवटी सेटिंगमध्ये व्हॉल्यूम वाढवायचा, नाहीतर जागा जुनीच दिसते. (४ टीबीची डिस्क कॉम्प्युटरवर ३.६ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.)

घेताना 'सीएमआर' डिस्क आहे का, हे जरूर विचारा. दुसरा प्रकार एसएमआर. त्यात रीबिल्ड फार रेंगाळू शकतो. वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं, तेव्हा ग्राहक चांगलेच भडकले होते.

खरा धोका त्या पावणेचार तासांतच आहे. तेवढा वेळ पेटीतली पूर्ण प्रत एकाच जुन्या, थकलेल्या डिस्कवर असते आणि तिलाच सलग राबावं लागतं. म्हणून आधी बॅकअप, मग बदल. काढलेली डिस्कही लगेच पुसू नका. ती विंडोजला जोडली तर 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं जातं, कारण नॅसची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. तिथे 'हो' म्हणायचं नाही.

मीही कित्येक वर्षं दोन डिस्कलाच बॅकअप समजत होतो. मग एकदा भाच्याने जागा करायला म्हणून 'जुने' नावाचं फोल्डर उडवलं, आणि ते दोन्हीकडून एकदमच गेलं. आरशासमोर कागद फाडला तर आरशातलाही फाटतोच. अब्बांचं रेकॉर्डिंग वाचलं ते केवळ खालाच्या मोबाइलमध्ये होतं म्हणून. व्हायरसचंही तसंच. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपच्या पेट्यांमधल्या फायली कुलूपबंद करून ०.०१ बिटकॉइन मागितले होते. मिरर असूनही काय उपयोग?

जाणकार ३-२-१ चा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आम्ही एक यूएसबी हार्ड डिस्क घेतली. कॉपी झाली की काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. दुसरी अम्मीच्या घरी असते. महिन्यातून एका रविवारी ती आणतो, नवीन फोटो भरतो आणि परत ठेवायला जातो तेव्हा दोन-चार फायली उघडून बघतो. न उघडणाऱ्या बॅकअपचं करायचं काय! कुठली उघडायची, ते अम्मीच सांगते. दर वेळी अब्बांचीच.