भिंतीपलीकडची लहर : घरातील क्षीण वाय-फाय जोडणीचे निदान

कोलकाता महानगराचे आणि बिनतारी विद्येचे नाते जुने आहे. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९४-९५ च्या सुमारास येथील टाउन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले मोबाइल संभाषणही याच शहरातील रायटर्स बिल्डिंगमधून झाले. अशा या शहरातील घराघरांतही राउटर एका खोलीत आणि संगणक दुसऱ्या खोलीत असला, की जोडणी मंदावल्याची तक्रार ऐकू येते. बँकेच्या ग्राहकाच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय नव्हे. रक्कम पाठविण्याची सूचना दिल्यावर पडदा गोठला, तर पैसे गेले की राहिले, हा प्रश्न उभा राहतो.

दुर्बलतेची कारणे

प्रत्येक अडथळा लहरीची काही शक्ती हिरावून घेतो. उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांच्या जाड विटांच्या भिंती, विशेषतः पावसाळी ओलाव्यात, लहरींना रोखतात. न्यू टाउनमधील उंच इमारतींत हेच काम सळईयुक्त काँक्रीट करते. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि माशांची काचपेटी यांचाही अडसर होतो.

वाय-फायच्या दोन प्रमुख पट्ट्या प्रचलित आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असून ती भिंती तुलनेने सहज ओलांडते. परंतु शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी याच पट्टीत असते. ५ गिगाहर्ट्झची पट्टी अधिक वेगवान, मात्र तिचा पल्ला कमी. म्हणून राउटरच्याच खोलीत दुसरी आणि दूरच्या खोलीत पहिली पट्टी निवडणे हितावह ठरते.

निदानाचा क्रम

प्रथम संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग पाहावा. तेव्हाही वेग कमीच असेल, तर दोष वाय-फायचा नसून राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या सेवेचा असू शकतो. राउटर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक न पडल्यास सेवादात्याकडे तक्रार करावी. केबलवर वेग चांगला असेल, तर त्याच जागी मोबाइलवर वाय-फाय तपासावे. केवळ संगणकच मंद असल्यास त्याच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा व वीजबचतीची मांडणी तपासावी.

दोन्ही उपकरणे मंद असल्यास राउटरची जागा बदलावी. तो घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा असावा. अँटेनाची दिशाही महत्त्वाची असते. बोस यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात कथिलाचे पातळ पत्रे घालून दाखविले होते, की लहर एका दिशेने पार होते आणि आडवी येताच अडते. त्यामुळे अँटेना थोडा वळवून फरक पाहावा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. एवढ्यानेही भागले नाही, तर एक्स्टेंडर घ्यावा. तो मात्र दुर्बल खोलीत न ठेवता, जेथे जोडणी अद्याप सशक्त आहे अशा मधल्या जागी बसवावा. संगणक एकाच जागी राहत असेल, तर कायमची केबल हाच खात्रीचा उपाय होय.

व्यवहार अर्धवट राहिल्यास

जोडणी तुटताच तीच सूचना पुन्हा देऊ नये. प्रथम खात्याचा उतारा किंवा मोबाइलवरील संदेश पाहावा. घाईने दिलेली दुसरी सूचना म्हणजे दुहेरी रक्कम. यूपीआयद्वारे रक्कम वजा झाली, पण लाभार्थीच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी आणि विलंब झाल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई द्यावी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने घातला. व्यवहार क्रमांक जपून ठेवणाऱ्या ग्राहकास तक्रार करणे सोपे जाते.

जोडणी क्षीण आहे म्हणून शेजारच्या खुल्या वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करणे टाळावे. स्वतःच्या राउटरला किमान डब्ल्यूपीए-२ प्रतीचे संरक्षण व मूळ पासवर्डाऐवजी स्वतःचा पासवर्ड असावा. जोडणी सशक्त असणे सोयीचे आहे. ती सुरक्षित असणे मात्र अनिवार्य आहे.