घरचा पदार्थ, स्पर्धेचं टेबल

श्रावण लागला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या महिला मंडळांत पाककला स्पर्धांचे दिवस सुरू होतात. गणपतीत मोदक, नवरात्रात उपासाचे पदार्थ, संक्रांतीला तिळाचे. शिवाय बचत गटांचे मेळावे आणि ऑगस्टमधले रानभाजी महोत्सव असतातच. या स्पर्धांत मी भाग घेतला आहे आणि पुढे परीक्षक म्हणूनही बसले आहे. घरी ज्यांच्या हाताला तोड नाही अशा कितीतरी जणी इथे मागे पडतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो. घरचं ताट आणि स्पर्धेचं टेबल यांतला फरक त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो.

परीक्षक भुकेला नसतो

घरी जेवणारा भुकेला असतो, ओळखीचा असतो, आणि पदार्थ कढईतून थेट त्याच्या ताटात पडतो. परीक्षकासमोर पंचवीस-तीस ताटल्या असतात. प्रत्येकीतला तो एक चमचा घेतो, दोन घोट पाणी पितो आणि पुढे सरकतो. विसाव्या ताटलीपर्यंत जिभेवर तेल-तिखटाचा थर बसलेला असतो.

त्यात वेळेचा घोळ. नोंदणी दहाला, मग पाहुण्यांचं स्वागत, दीपप्रज्वलन, भाषणं. चमचा तुमच्या ताटलीपर्यंत येतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे स्पर्धेत चाखला जातो तो थंड झालेला पदार्थ. गरम असताना गोड जास्त गोड लागतं, थंड झालं की तेच बेताचं वाटतं. तूप थिजतं, भात मोकळा राहण्याऐवजी कोरडा पडतो, बेसन घट्ट होतं. म्हणून सरावाच्या दिवशी पदार्थ करा, दोन तास झाकून ठेवा आणि मग चाखा. गरमागरम चाखून ठरवलेलं मीठ-गूळ स्पर्धेच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

रस्सा वडीने पिऊन टाकला

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी पाटवडी-रस्सा नेला होता. वडी मऊसूत झाली होती, रश्श्यावर लाल तर्री होती. घरूनच वड्या रश्श्यात सोडून, डबा घट्ट लावून निघाले. दोन तासांनी झाकण उघडलं तर रस्सा दिसेना. वड्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि वर तेवढं तेल तरंगत होतं. शिजलेलं बेसन गरम रश्श्यात पाणी ओढतच राहतं, हे मला घरी कधी कळलंच नव्हतं, कारण घरी ताट पाच मिनिटांत रिकामं होतं.

आता मी सगळ्यांना सांगते ते असं. वड्या कोरड्या न्या, वरून खोबरं-खसखस-सांभार भुरभुरून. (आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, बाहेरचा परीक्षक असेल तर कागदावर कोथिंबीर लिहा, नाहीतर तो सांबाराची वाटी शोधत बसेल.) रस्सा थर्मासमध्ये वेगळा न्या आणि नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवा. परीक्षक शेजारच्या ताटलीशी आले की वाटीत दोन वड्या ठेवून वर रस्सा घाला. वाफ निघाली पाहिजे.

कुठला पदार्थ न्यावा

सांभारवडी स्पर्धेसाठी फार चांगली, कारण ती गारही छान लागते. पण तिची खरी परीक्षा पाण्याशी असते. सांभार धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडा झालाच पाहिजे. ओल राहिली तर सारण पाणी सोडतं आणि पारी आतून पिठूळ राहते. तळताना आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो आणि पारी कच्ची राहते. तळलेली वडी गरम असताना डब्यात बंद करू नका. वाफ आतल्या आत जिरते आणि तासाभरात खुसखुशीत पारी कातड्यासारखी होते. जाळीवर पूर्ण निववा, मग कागद घातलेल्या डब्यात भरा.

गोळाभात आणि वडाभात आपल्या विदर्भाची शान, तरी ते नेताना मला काळजी वाटते. भात गार झाला की गोळे कोरडे होऊन घशात अडकतात. न्यायचेच असतील तर हिंग-मोहरी आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी तिथे, आयत्या वेळी भातावर ओता. पेटवायची परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. रोडग्यांना गोवऱ्यांची धग लागते. सभागृहात त्यांचं काही खरं नाही.

शोभेच्या नादात अनोळखी पदार्थ करणं ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली. पुदिन्याची पानं, टोमॅटोची फुलं, गाजराचे पक्षी, आणि मधे कुणाच्याच घरी न होणारा एक पास्ता. त्याच टेबलावर कुणी उन्हात वाळवलेल्या वांग्यांच्या खुलांची भाजी आणली असेल, कुणी आमरसासोबत सरगुंडे आणले असतील, तर माझा चमचा तिकडे वळतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद घातलेल्या साध्या वरणाचा रंगसुद्धा वेगळा दिसतो. हे आपल्या हाताशी आहे.

पौष्टिकतेचे गुण आणि आपला जिल्हा

गुणपत्रिकेत साधारण चार रकाने असतात: चव, पौष्टिकता, नावीन्य, मांडणी. पौष्टिकतेचा रकाना बहुतेक जणी मोड आलेले मूग टाकून भरून काढतात. वर्ध्यात तरी हे असं व्हायला नको. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं काम इथे मगनवाडीत सुरू झालं. हातसडीचे तांदूळ, ताजं दळलेलं पीठ, घाणीचं तेल, गूळ, कडुनिंबाचा पाला यांचा विचार त्या स्वयंपाकघरात रोजच्या जेवणातून होत होता. सोयाबीन माणसांनी खावं की नाही, हे गांधीजींनी १९३५ मध्ये मगनवाडीतच खाऊन-खिलवून पाहिलं. आज आपल्या शेतांत सोयाबीन दूरवर दिसतं आणि ताटात जवळजवळ दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे पौष्टिक तृणधान्यांचं वर्ष म्हणून पाळल्यापासून स्पर्धांत ज्वारी, बाजरी, नाचणीचे पदार्थ खूप येतात. चांगलंच आहे. पण ज्वारीच्या पिठाचा केक करून वर साय आणि साखर थापली तर पौष्टिकतेचे गुण कशाचे द्यायचे? ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, वर जवसाची चटणी दिली, तर मी त्या रकान्यात पूर्ण गुण देते. पदार्थ का निवडला हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. त्या दोन वाक्यांची घरी तयारी करा.

परीक्षकांनी काय पाळावं

गुणांची वाटणी स्पर्धेआधी जाहीर करावी आणि चवीला निम्म्याहून कमी गुण ठेवू नयेत, हे माझं ठाम मत आहे. मांडणीला तीस-चाळीस गुण दिले की महागडी क्रोकरी जिंकते आणि स्टीलच्या ताटलीतलं भरीत हरतं. गोड पदार्थ शेवटी चाखावेत. मधे ताकाचा किंवा कोऱ्या पोळीचा घास घ्यावा. आणि निकाल सांगताना हरलेल्या बाईला एक तरी नेमकी गोष्ट सांगावी: फोडणी जळली होती, पाक पुढे गेला होता. 'छान प्रयत्न' या शब्दांनी तिच्या हाती काही लागत नाही.

विक्रमांची गोष्ट निराळी. शेजारच्या नागपुरात विष्णू मनोहर यांनी एप्रिल २०१७ मध्ये सलग ५३ तास स्वयंपाक केला. आधीचा विक्रम ४० तासांचा होता. ती तग धरण्याची परीक्षा आहे, आणि तिला मी मनापासून नमस्कार करते. मंडळाच्या स्पर्धेत एक वाटी नीट साधायची असते.

अंदाज कागदावर कसा उतरवायचा

ताटलीशेजारी कृतीचा कागद ठेवायचा असतो आणि तिथे भल्याभल्या अडतात. 'बेसन अंदाजे, पाणी लागेल तेवढं, मीठ चवीनुसार.' अमेरिकेत १९४९ मध्ये पिल्सबरी या पीठ कंपनीने घरच्या स्वयंपाक करणाऱ्यांसाठी मोठी स्पर्धा सुरू केली. अशा स्पर्धेत कृती वाचून तो पदार्थ दुसऱ्या कुणालाही करता आला पाहिजे. कृतीचा कागद ठेवायचा तोही याचसाठी.

मराठीत या कामाला मोठी परंपरा आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं हजार पाकक्रियांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं. पण घराघरांत पोचली ती कमलाबाई ओगले यांची १९७० ची 'रुचिरा'. तिचं मोठं बळ मापात आहे. तराजू नसलेल्या घरातही असतात त्या वाट्या आणि चमचे घेऊन कमलाबाईंनी प्रमाण बांधलं, आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला आईला न विचारता पदार्थ करता येऊ लागला.

तुमच्या कागदावर पाच गोष्टी हव्यात: किती जणांसाठी, वाटी केवढी, आच कशी, वेळ किती, आणि 'झालं' हे कशावरून ओळखायचं. पाचवी सगळ्यांत मोलाची. पाटवडीचं पीठ शिजलं हे मिनिटांवरून कळत नाही. ओल्या बोटाला चिकटत नाही आणि कढईच्या कडेने सुटून गोळा फिरतो, तेव्हा ते झालं.

सेलू तालुक्यातल्या एका काकूंची कृती लिहायला मी त्यांच्या चुलीपाशी बसले होते. काकू म्हणाल्या, "मले माप-बिप नाई समजत बाई, हातालेच समजते." मी सोबत छोटा वजनकाटा नेला होता. परातीत टाकण्याआधी मी त्यांना बेसनाची प्रत्येक मूठ काट्यावरच्या वाटीत सोडायला लावली. पहिली मूठ, दुसरी, तिसरी. आकडा जवळपास तोच. मिठाची चिमूट तीनदा घेतली, तीही तशीच. काकू काट्याकडे वाकून पाहत राहिल्या, मग सुनेला हाक मारून तिलाही दाखवलं. त्या दिवशी मुठींच्या वाट्या केल्या, चिमटीचे चमचे केले आणि कागद तयार झाला. तो आता त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे टाचलेला आहे. सून त्याच्याकडे बघून वड्या थापते, काकू मुठीनेच घेतात.