संगणक मंद झाला? आधी मोजा, मग खर्च करा

सुट्टीत घरी गेल्यावर अनेक कॅडेट्सना एक वाक्य ऐकायला मिळते : "आपला संगणक फार हळू चालतो, आता नवा घ्यावा लागणार." नव्या संगणकाला हजारो रुपये पडतात. पण पुष्कळदा जुन्यात बिघाड काहीच नसतो. त्याची मेमरी, म्हणजेच रॅम, अपुरी पडत असते. ती वाढवणे फारसे अवघड नाही.

वसतिगृहातील अभ्यासाचे टेबल आणि पलंगाखालची ट्रंक आठवा. ट्रंकेत सगळे मावते, पण लगेच हाताशी येते ते टेबलावरचेच. हार्ड डिस्क ही ट्रंक आणि रॅम हे टेबल. टेबल भरले की विंडोज काही माहिती डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागली की परत आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्यामुळे या ये-जा करण्यातच वेळ जातो.

पैसे खर्च करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, रॅम खरोखर कमी पडते का? रोजचे सगळे प्रोग्रॅम उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' पाहा. आकडा सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. रॅम निम्मी रिकामी असेल आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा योग्य उपाय.

दुसरी, विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट? घरगुती संगणकावरील ३२ बिट विंडोज ४ जीबीहून अधिक रॅम वापरू शकत नाही.

तिसरी, कोणती रॅम बसेल? डीडीआर ३ च्या डेस्कटॉप पट्टीला २४० पिना असतात, तर डीडीआर ४ आणि ५ ला २८८. तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच कायमची जोडलेली असते. तिथे बदल करता येत नाही. जुन्या पट्टीवरचे लेबल वाचा, रिकामी जागा आहे का तेही पाहा. वॉरंटी शिल्लक असेल, तर उघडण्यापूर्वी तिचे नियम वाचा.

आता डेस्कटॉपमध्ये पट्टी बसवणे. संगणक बंद करून प्लग काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाईल. पट्टी कडांनी धरा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. 'खट्' असा आवाज होऊन क्लिप लागेल. बसत नसेल, तर जोर लावू नका, दिशा तपासा. सुरू केल्यावर पडद्यावर काही दिसले नाही, तर पुन्हा बंद करून, प्लग काढून पट्टी नीट बसवा. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा पाहा.

कारवाईपूर्वी टेहळणी करावी, असे आपल्याला शिकवतात. घरातील संगणकालाही हाच नियम लावला, तर आईवडिलांचे बरेच पैसे वाचतील.