साठ सेंटिमीटरपर्यंत

पहाटे साडेपाच. मे महिन्यात मातीचे नमुने घ्यायचे तर ऊन चढायच्या आत. गिरमिट, हातोडा, लोखंडी कड्या, घमेलं आणि कापडी पिशव्या जीपमध्ये टाकून आम्ही परभणी सोडतो. तासाभरावरच्या गावातल्या काकांनी काही वर्षांपूर्वी कापसासाठी बेड पाडले, ते आजवर मोडलेले नाहीत. पीक निघालं की पऱ्हाटी जमिनीलगत छाटायची, मुळं जागच्या जागी कुजू द्यायची आणि पुढचं बी त्याच बेडवर टोकायचं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातात रुजवलेलं एसआरटी हे बिननांगरटीचं तंत्र इथे काळ्या रानात उतरलं आहे. बांधापलीकडे काकांच्या भावाचं रान आहे, तिथे दरसाल नांगरट आणि वखराच्या पाळ्या. माती एक, पाऊस एक. तुलनेला अशी जोडी क्वचित मिळते.

पावणेसात. काका विचारतात, “ताई, मृदा आरोग्य कार्डासाठी माती नेतात ते वीतभरच खणतात. तुम्ही एवढं खोल कशाला जाता?”

आजचं सगळं काम या प्रश्नात आहे. न नांगरलेल्या रानात पाला, धसकटं वरच राहतात, म्हणून वरच्या थरात सेंद्रिय कर्ब वाढतो. नांगर तोच काडीकचरा खाली गाडतो. वीतभर मातीच तपासली तर काकांचं रान हमखास जिंकतं. खालचे थर मोजले की ही आघाडी कधी आटते, कधी पार नाहीशी होते. अमेरिकेतल्या जॉन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. म्हणून आम्ही ०–१५, १५–३० आणि ३०–६० सेंटिमीटर असे तीन थर वेगवेगळे घेतो. भेगांच्या कडेला गिरमिट लावत नाही. वरची माती भेगेतून खाली पडलेली असते आणि हिशेब बिघडवते.

साडेसात. कडी ठोकून ठरलेल्या आकारमानाची माती काढायची, म्हणजे पुढे तिच्या कोरड्या वजनावरून घनता कळते. नांगरलेली माती सैल, न नांगरलेली दाबून बसलेली. नुसत्या टक्केवारीवर हेक्टरी कर्ब काढला तर तुलना फसते. भावाच्या रानात ढेकळं इतकी मोठी की कडी सरळ बसायला वेळ लागतो. काकांच्या बेडवर धसकटाशेजारी खणलं तर कुजून गेलेल्या मुळाची पोकळ नळी दिसते. भोवतीचे मातीचे रवे बोटांनी दाबूनही चटकन फुटत नाहीत. या रव्यांच्या आत अडकलेला कर्ब जिवाणूंच्या हाती लागत नाही. नांगर रवे फोडतो, हवा आत जाते आणि तो कर्ब वायू होऊन उडून जातो.

नऊ. बांधावर चहा. काका सांगतात, सुरुवातीची दोन वर्षं उतारा भावापेक्षा कमी आला, घरात बोलणी खाल्ली. मग पावसाने ताण दिला त्या वर्षी त्यांचं पीक उशिरा सुकलं. हे मला पटतं. ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचा एकत्रित ताळा २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. एकूण पाहता नांगरणी सोडल्याने उत्पादन घटतं, असं त्यात दिसलं. पण कोरडवाहू, कमी पावसाच्या मुलखात काडीकचरा रानात ठेवला आणि पीकही फिरवलं, तर उत्पादन ७.३ टक्के जास्त. नांगर सोडला आणि बाकी काही बदललं नाही, तर पदरात तोटाच पडतो. काका कापसानंतर सोयाबीन आणि हरभरा घेतात, कुटार रानातच पसरतात. तणनाशक मात्र फवारावं लागतं. तो भार मला खटकतो. कर्बाच्या आकड्याने तो झाकू नये.

साडेअकराला परत. नमुने सावलीत पसरायचे, घनतेचे ओव्हनमध्ये. जेवण.

दोन वाजता आधी वाळवून चाळलेले नमुने हातात घेते. १ ग्रॅम माती, १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली तीव्र गंधकाम्ल. फ्लास्क हाताला पोळतो. अर्धा तास थांबायचं. वॉक्ली-ब्लॅक ही पद्धत जुनी आहे, सगळा कर्ब तिच्या हाती लागत नाही, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. तरी आमच्या चुनखडीच्या जमिनींत ती मला भरवशाची वाटते. माती जाळून मोजणाऱ्या यंत्रात, चुना आधी आम्लाने काढला नाही, तर त्यातला कर्बही सेंद्रियात जमा होतो.

चार. टायट्रेशन. निळसर जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो. त्या थेंबाची किंमत साधारण ०.०१ टक्का. १५ सेंटिमीटरच्या थरात, घनता १.३ धरली, तर हेक्टरी जवळपास २०० किलो कर्ब. वर्षभरात होणारी वाढ अशा एक-दोन थेंबांत मावते. एका वर्षाच्या नमुन्यावर कर्ब वाढल्याची पावती देणं मला मान्य नाही.

सहा. काकांचा फोन. “पोरगा म्हणतो, बेडवर कर्ब वाढला की त्याचे पैसे देणारी कंपनी येणार आहे. सही करू का?”

“करारात किती खोलीपर्यंत मोजणार आणि किती वर्षांनी, ते आधी विचारा. नांगर परत घातला तर काय, तेही. आणि काका, भावाच्या रानातला एक पट्टा यंदा बिननांगरटीचा ठेवायला सांगा. कुटार तुमच्याकडचं पसरा. पुढच्या मे महिन्यात तिथलेही तीन थर घेऊ.”

“तो ऐकायचा नाही.”

“चार तासंच मागा.”