बिघाड एकाचा, जबाब दुसऱ्याचा

यंत्रमागावर उभे धागे सारखे तुटू लागले की विणकराला जाब विचारतात. सुताला खळ नीट बसली नाही ती साइझिंगमध्ये, चार दिवस आधी; तिकडे कोणी पाहात नाही. अशी भांडणे आम्ही पुष्कळ केली. तोच अन्याय संगणकाच्या पोटातही चालतो असे वाचनात आले, तेव्हा तो विषय आम्हांला सोडवेना.

संगणकाच्या सर्व कारभारावर देखरेख करणाऱ्या मूळ प्रोग्रामला कर्नल म्हणतात. (पलटणीतल्या कर्नलशी याचे नाते नाही.) लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सचा कर्नल प्रसिद्धच आहे. मागेल त्याला मेमरीत जागा देणे व काम संपताच ती परत घेणे, हे त्याचे एक मोठे काम. चाळीतल्या खोल्याच समजा ना! आता एकाने खोली सोडली, पण किल्ली खिशातच ठेवली. आणि पुढे केव्हातरी आत शिरून तो काहीबाही खरडून गेला. तोवर तेथे नवे बिऱ्हाड आलेले. हिशेब बिघडतो त्याचा, यंत्र कोसळते त्याच्या हातात, आणि कोसळताना जो जबाब छापला जातो त्यात नावही त्याचेच! साध्या प्रोग्रामांमध्ये निदान भिंती असतात. कर्नलचे सारे भाग एकाच दालनात नांदतात; म्हणून कोणाची चूक कोणाला भोवेल याचा नेम नाही.

मग चोर धरावा कसा? एक युक्ती अशी, की सोडलेली जागा ठराविक खुणेने भरून ठेवायची. लिनक्समध्ये ही खूण 'सिक्स-बी'. जागा पुन्हा देताना खूण पुसलेली दिसली, की कोणी शिरले होते हे कळते. कोण, ते मात्र कळत नाही.

त्यासाठी २०१५ साली लिनक्समध्ये 'कासान' आले. मेमरीच्या दर ८ बाइटांमागे १ बाइट नोंदीचा. आणि प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी ती नोंद पाहायची. सोडलेली जागाही लगेच दुसऱ्याला न देता काही काळ अडवून ठेवतात. शिरणारा जागीच सापडतो, आणि अहवालात तीन साक्षी येतात: आत शिरला कोण, जागा घेतली होती कोणी, सोडली कोणी. आमच्या चौकशी समित्यांना अशी तिसरी साक्ष क्वचितच लाभते.

परंतु एवढ्या पहाऱ्याने यंत्र मंदावते, म्हणून कासान बहुधा चाचणीपुरतेच चालवितात. रोजच्या कामावरील यंत्रांसाठी २०२१ साली 'केफेन्स' आले. ते तिकीट-तपासनिसासारखे, अधूनमधून एखादीच जागा पारखते. पण हजारो यंत्रांवर दिवसेंदिवस चालले, की कधीतरी कोणीतरी हाती लागतोच.